फासळीखालची तार

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुई टोचली.

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नुकतीच रुजू झाले होते, आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात. दवाखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एका म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायचं होतं आणि तो घाबरून कॉटच्या कडेला सरकत होता. शिकवलं होतं तसं मी गोड आवाजात म्हटलं, "काही दुखणार नाही हं, बाबा." मागं डॉक्टर उभे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ते पुढं आले, माझ्या ट्रेमधली उकळलेली दुसरी सुई उचलली, माझं मनगट धरलं आणि कोपराच्या वर कचकन टोचली.

"दुखलं?"

"हो."

"मग त्याला खोटं का सांगितलं?"

सुई ट्रेमध्ये टाकून ते निघून गेले. मी तुळजापूरच्या एका कारकुनाची मुलगी. घरात बापानंसुद्धा कधी अंगाला बोट लावलं नव्हतं. मी साडीच्या पदरानं दंड दाबून तशीच उभी राहिले. तो म्हातारा मात्र इतका हबकला होता की त्यानं मुकाट्यानं हात पुढं केला.

त्यांच्या वॉर्डात 'दुखणार नाही' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत असा दंडकच होता. ते स्वतः सांगायचे, "दुखंल, सरकार. किती दुखंल आणि कुठवर दुखंल ते मी सांगतो. त्याच्या पुढं दुखणार नाही." प्रत्येक रोग्याला ते सरकार म्हणायचे. खेड्यातून आलेला, अंगावर धड बंडी नसलेला माणूस त्या हाकेनं पहिल्यांदा गोंधळायचा, मग जरा ताठ बसायचा.

हैदराबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा जिल्हाही आता मुंबई राज्यात आला होता. कचेऱ्यांतली उर्दू गेली, शेरवान्या पेटीच्या तळाला गेल्या. डॉक्टरांची गेली नाही. कापड मजबूत आहे, अजून वीस वर्षं टिकेल, ते कशाला टाकू, असं त्यांचं म्हणणं. भर उन्हाळ्यातही काळी शेरवानी घालून यायचे आणि वरून पांढरा एप्रन चढवायचे. डॉक्टरी ते हैदराबादला उर्दूतून शिकले होते. बोलायचे आपल्यासारखं मराठी, ते मूळचे परंड्याकडचे. पण रोग्याच्या छातीवर बोटं ठेवली की फासळ्या उर्दूतूनच मोजायचे. पहली, दूसरी, तीसरी. मराठीतून मोजलं तर चुकेल, म्हणायचे.

दुपारी जेवण झालं की ऑपरेशनच्या टेबलावर आडवे होऊन झोपायचे. दवाखान्यात तीच जागा सगळ्यात थंड होती. मला ते माहीत नसताना एकदा मी फडकं घेऊन आत गेले आणि टेबलावर पांढऱ्या चादरीखाली माणूस पाहून ओरडले. चादरीतून आवाज आला, "जिवंत आहे. जा."

ते भुलीचे डॉक्टर. म्हणजे ऑपरेशन मोठे डॉक्टर करायचे आणि रोग्याला ईथर हुंगवून बेशुद्ध करायचं काम यांचं. आमच्याकडं छातीचे रोगी फार यायचे. न्यूमोनिया झालेला माणूस घरी अंगारे-धुपारे करत राहायचा आणि फुप्फुसाभोवती पू साचला, श्वास लागला, की मग बैलगाडीत घालून आणायचे. मोठे डॉक्टर बरगडीचा तुकडा काढून, नळी घालून तो पू काढायचे. त्यांचा हात चांगला होता. ऑपरेशन पार पडायचं आणि माणूस पुढच्या दोन-चार दिवसांत जायचा. कारण बरगडी कापलेली असायची, श्वास घेतला की कळ यायची. म्हणून रोगी श्वास वरच्यावर घ्यायचा आणि खोकला दाबून धरायचा. आत बेडका साचायचा, छाती घरघरायला लागायची. अफूच्या जातीचं औषध दिलं तर दुखणं थांबायचं, पण माणूस गुंगीत पडायचा, मग खोकणार कोण?

इतर भुलीचे डॉक्टर रोगी टेबलावरून उतरला की हात धुऊन घरी जायचे. आमच्या डॉक्टरांचं काम तिथून सुरू व्हायचं. पाठीच्या बाजूनं फासळी चाचपायची, तिच्या खालच्या कडेला सुई घालायची आणि बधिर करायचं थोडंसं औषध सोडायचं. मग त्याखालची, मग तिच्याखालची. रोग्याला समजावून सांगायचे, "प्रत्येक फासळीखालून दुखण्याची एक तार जाते. ती थोडा वेळ बंद करतो. तुम्ही शुद्धीवर राहणार, फक्त ती फासळी तुम्हाला निरोप धाडणार नाही. तेवढ्यात खोकून घ्यायचं."

हे त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. सराव कसा केला ते मात्र साऱ्या गावाला माहीत होतं. बाजाराच्या दिवशी शेरवानीतले हे गृहस्थ खाटकाकडं जायचे आणि बोकडाची अख्खी बरगड्यांची बाजू घ्यायचे. ती दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर ठेवायची, सिरिंजमध्ये निळी शाई भरायची, फासळीखाली सोडायची आणि मग चाकूनं मांस उलगडून शाई कुठवर गेली ते बघत बसायचं. मी ते प्रथम पाहिलं तेव्हा पदर नाकाला लावला. लालभडक मांसात निळ्या रेघा, आणि हे त्यावर वाकून उर्दूत आकडे पुटपुटतायत. वर मलाच बोलावून दाखवलं, "हे बघा सिस्टर. शीर, धमनी आणि दुखण्याची तार, तिघी एकाच खोबणीतून जातात. बिऱ्हाड एकच. एकीच्या दारावर थाप मारायची तर दुसरीला उठवायचं नाही." आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. मी आठवडाभर नीट जेवले नाही. गावात मात्र पक्कं झालं की डॉक्टर निळं मटण खातात.

पण या सुईचा गुण मी डोळ्यांनी पाहिला. तामलवाडीचा एक शेतकरी होता, अंगानं पहिलवान. बरगडी काढल्यावर कोकरासारखा पडला. खोका म्हटलं की डोळ्यांत पाणी आणून मान हलवायचा. छाती घरघरत होती. डॉक्टरांनी त्याच्या चार फासळ्यांखाली सुया दिल्या, थोडं थांबले आणि त्याला बैलाचं नाव विचारलं. त्यानं पुटपुटत सांगितलं, पाखऱ्या. "मग हाका मारा, सरकार. पाखऱ्या शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरलाय." तो माणूस आधी कसनुसा हसला. हसल्यावर दुखलं नाही म्हणून चकित झाला. मग त्यानं बसल्या जागी अशी आरोळी ठोकली की बायकांच्या वॉर्डातल्या रोगिणी उठून बसल्या, आणि आरोळीच्या पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. टमरेलभर घाण बाहेर पडली. पंधरवड्यात तो चालत घरी गेला.

अशी माणसं मोजली तर पुष्कळ निघतील. पण डॉक्टर म्हटलं की मला अम्माच आठवते.

अम्मा भूमकडची मणियारीण. बाजार फिरून बांगड्या भरायची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिची सून रशीदा छातीत पू घेऊन आमच्याकडं आली. विशीतली असेल. ऑपरेशनच्या आधी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या होत्या. मी फोडायला लागले तर अम्मानं माझा हात बाजूला केला आणि साबण लावून एकेक बांगडी अशी उतरवली की एकीलाही तडा गेला नाही. रुमालात बांधून उशाशी ठेवली.

ऑपरेशन झालं. रशीदा दुखण्यानं कण्हायची, पण खोकायची नाही. डॉक्टर सुया घेऊन आले तेव्हा अम्मा कॉटच्या आडवी उभी राहिली. पाठीत सुई घालणार हे ऐकून ती म्हणाली, "आधी तुमाला टोचून घ्या. मग पोरीला."

मी तिला समजवायला गेले. पण डॉक्टरांनी एप्रन काढला, शेरवानीची बटणं सोडली, सदरा वर केला, आणि भर वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या काखेखालची फासळी चाचपून स्वतःच्या हातानं सुई आत घातली. कॉटवरच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. सुई काढून डॉक्टर स्टुलावर बसले आणि थोड्या वेळानं अम्माला म्हणाले, "घ्या चिमटा." अम्माची बोटं आयुष्यभर बायकांचे हात दाबून बांगड्या चढवणारी. तिनं अशी चामडी धरून पिळली की मलाच कळ आली. डॉक्टर शांत. मग तिनं खात्री करायला वीतभर वर दुसरा चिमटा काढला. डॉक्टर स्टुलावरून उडाले. अम्मा पहिल्यांदा हसली आणि बाजूला झाली.

त्यानंतर रोज रशीदाला सुया मिळायच्या, रोज ती खोकायची, रोज तिच्या तोंडावर थोडा रंग चढायचा. अम्मा डॉक्टरांसाठी चहा आणायची आणि ते पिईपर्यंत समोर उभी राहायची.

ती सकाळ मला विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. अम्मा कपडे धुवायला विहिरीवर गेली होती. रशीदा उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसली होती आणि मी तिचे खांदे धरले होते. आता तिला डॉक्टरांची भीती उरली नव्हती. सुया सुरू असताना तिनं विचारलं, आता बांगड्या भरल्या तर चालतील का? डॉक्टर हसले. म्हणाले, "मणियाराच्या सुनेला कोण अडवणार? उद्याच भरा." बोलता बोलता त्यांनी सिरिंजचा दट्ट्या दाबला.

रशीदाच्या ओठांचा कोपरा उडायला लागला. मला वाटलं हसतेय. मग तिचं सगळं अंग माझ्या हातात ताठ झालं आणि झटके यायला लागले. झटके थांबले तेव्हा श्वासही थांबला होता. डॉक्टरांनी तिला खाली घेतलं, नळीनं हवा दिली, छाती दाबत राहिले. मोठे डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि हात मागं घेतला. आमचे डॉक्टर दाबतच होते. त्यांच्या कपाळावरचा घाम तिच्या अंगावर पडत होता. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरून बाजूला केले.

मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, आजारानं हृदय कमजोर झालं होतं, ते थांबलं. नातेवाइकांना मी सांगतो, तुम्ही घरी जा. माझ्याकडंही त्यांनी पाहिलं. त्या काळी कुठलाही डॉक्टर हेच म्हणाला असता आणि कुठल्याही नातेवाइकानं ते मानलं असतं. आमच्या डॉक्टरांनी हात धुतले, शेरवानी चढवली, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि व्हरांड्यात गेले. ओल्या कपड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन अम्मा येत होती.

"अम्मा, रशीदा गेली," ते म्हणाले. "आजारानं नाही गेली. माझ्या सुईनं गेली."

मोठे डॉक्टर दारातच थबकले. गाठोड्यातून पाणी टपकत होतं.

"सुई आत गेली की दट्ट्या मागं ओढून बघायचा असतो," डॉक्टर पुढं सांगत होते, जसं मला बोकडाच्या फासळ्यांवर सांगितलं होतं तसंच. "रक्त आलं तर सुई शिरेत आहे, औषध सोडायचं नाही. प्रत्येक टोचणीला मी बघतो. शेवटच्या टोचणीला बघितलं नाही. औषध रक्तात गेलं."

"का न्हाय बघितलं?"

"तिच्याशी बोलत होतो."

"काय बोलत हुता?"

"बांगड्या भरू का म्हणून विचारत होती. उद्या भरा म्हणालो."

अम्मानं गाठोडं खाली ठेवलं. मला वाटलं आता ही त्यांना मारणार. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते हात खाली सोडून, तोंड पुढं करून उभे होते. पण ती त्यांच्या बाजूनं आत गेली. कॉटपाशी बसली, उशाचा रुमाल उचलून कनवटीला लावला आणि मुलाला, रशीदाच्या नवऱ्याला, गाडी बघायला धाडलं. रडली नाही. बाकीच्या बायका रडत होत्या. ती सुनेचं अंग चादरीत नीट गुंडाळत होती.

पुढं वरून चौकशीला माणसं आली. मोठ्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना सांभाळून घ्यायचा खूप प्रयत्न केला, पण त्यांनी तिथंही तेच वाक्य तसंच सांगितलं. चौकशीवाले त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसे बघत होते. एकानं मला बाहेर विचारलंसुद्धा, यांचं डोकं ठिकाणावर असतं ना? सक्त ताकीद देऊन त्यांना कामावर ठेवलं, भुलीचा दुसरा डॉक्टर मिळतच नव्हता म्हणून. सुया बंद करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या त्यांनी आपल्या आपण बंद केल्या.

ईथर द्यायचे, रोगी वॉर्डात आला की निघून जायचे. वॉर्डात पुन्हा ती घरघर सुरू झाली. उमरग्याचा एक ट्रकवाला आमच्या डोळ्यांदेखत त्या घरघरीत गेला. मोठे डॉक्टर आमच्या डॉक्टरांच्या घरी जाऊन विनवून आले. म्हणाले, तुमच्या एका चुकीपायी किती माणसं मारणार? तरी डॉक्टरांनी वॉर्डात सुई हातात घेतली नाही. मागच्या ओट्यावर मात्र बोकडाच्या बरगड्या येतच होत्या. फक्त आता ते शाई सोडण्याआधी दट्ट्या मागं ओढून बघायचे. मेलेल्या मांसात रक्त कुठलं यायचं? तरी बघायचे. ते दृश्य मला पहिल्या दिवसाच्या सुईपेक्षाही जास्त टोचलं.

नंतर काही वर्षांनी त्यांची बदली झाली, कुठं कुठं फिरले, शेवट कुठं झाला ते मला कळलं नाही. मला त्यांचं जे शेवटचं म्हणून सांगायचं आहे ते बदलीच्या फार आधीचं आहे.

पुढच्या थंडीत अम्मा परत आली, या वेळी स्वतः रोगी होऊन. न्यूमोनिया, मग पू. तेच दुखणं. मुलानं तिला दुसरीकडं न्यायचं ठरवलं होतं, पण ती आमच्याच दवाखान्याला चला म्हणाली. ईथर देताना डॉक्टरांनी तोंडावर मास्क बांधला होता आणि एक अक्षर काढलं नाही. तिनं ओळखलं की नाही ते कळलं नाही. बरगडी काढली, नळी घातली, वॉर्डात आणलं. दुसऱ्या दिवशी तिची छाती घरघरायला लागली. ती दात आवळून पडून होती. मी खोकायला सांगितलं तर मान हलवली आणि म्हणाली, "सुईवाल्या डॉक्टरसाबला बोलवा."

मी निरोप दिला. ते आले, पण कॉटपासून लांब उभे राहिले.

"अम्मा, मी आता सुया देत नाही."

"द्या," ती म्हणाली. तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "लई दुखायलंय."

"माझ्या हातानं तुमची सून गेली."

"व्हय. म्हणून तर." तिनं श्वास गोळा केला. "दुसऱ्यानं चूक केली तर माझ्या पोराला कळायची बी न्हाय. तुमी केली तर सांगताल."

डॉक्टरांचा चेहरा मी पाहू शकले नाही. मी सुया उकळायला गेले, कुणी सांगायच्या आधीच.

मी परत आले तेव्हा ते तिच्या पाठीशी बसले होते आणि बोटानं फासळ्या मोजत होते. पाँचवीं, छठी, सातवीं. पुन्हा पहिल्यापासून. मी तिचे खांदे धरले, ज्या हातांनी रशीदाचे धरले होते. पहिली सुई आत गेली. त्यांनी दट्ट्या मागं ओढला आणि मोठ्यानं म्हणाले, "रक्त नाही." अम्मा म्हणाली, "हूं." मग औषध सोडलं. दुसरी सुई. "रक्त नाही." "हूं." तिसऱ्या फासळीला सिरिंजमध्ये लाल धागा आला. माझे डोळे मिटले. "रक्त आहे, अम्मा," ते म्हणाले, "काढतो." सुई काढली, नवी घेतली, बोटभर बाजूला घातली. "रक्त नाही." "हूं."

शेवटची सुई काढून ते तिच्या समोर येऊन उभे राहिले. अम्मानं भीतभीत श्वास घेतला. मग थोडा मोठा. मग छातीभर. खोकली, एकदा, दोनदा, आणि मग उबळीवर उबळ. मी टमरेल धरलं होतं. घरघर मोकळी होताना मला ऐकू येत होती.

खोकला थांबला. आणि अम्माच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं कळ आली, सुईनं काही केलं. मी ओरडून डॉक्टरांकडं पाहिलं. पण ती रडत होती. रशीदाचं नाव घेऊन, गळा काढून, सगळं अंग हलवून रडत होती. व्हरांड्यात रडली नव्हती, गाडीत बसताना रडली नव्हती, आणि आता छातीतून असा आवाज येत होता की बाहेरचे लोक खिडकीशी गोळा झाले. मुलगा धावत आत आला आणि डॉक्टरांच्या अंगावर जायला निघाला.

मी तिला थोपटून गप्प करायला लागले. डॉक्टरांनी माझा हात बाजूला केला.

"राहू द्या, सिस्टर," ते म्हणाले. "रडू द्या."

मग ते मुलाला वळसा घालून तिच्या मागं गेले, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि कापलेल्या बरगडीच्या खाली ठेवला. ती रडत राहिली आणि ते डोळे मिटून, शेवटच्या फासळीपर्यंत पोचणारा तिचा श्वास ऐकत राहिले.